दोन डोळ्यांचा डब्बा

पुनाराम रामटेकेला सारं बालाघाट फोटोवाला म्हणून ओळखायचं, पण त्याच्या आईनं त्याला त्याच्याही आधी ओळखलं होतं. ती म्हणायची, "बाकीच्या पोरायच्या पोटात जंत असते, माया पोराच्या पोटात लोकायचं भलं असते. थेच दुखते त्याले." खोटं नव्हतं. शेजाऱ्याची गाय व्याली की पुनारामला जेवण जात नसे. मावसभावाला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा तर त्याला ताप आला, हात लावला तर चटका बसेल असा खरा ताप! वैद्यानं नाडी धरली आणि विचारलं, "कोणाचं चांगलं झालं रे, पुनाराम?"

छप्पन सालच्या दसऱ्याला तो बायकोला घेऊन दीक्षा घ्यायला नागपूरला गेला. बालाघाटाहून गोंदियापर्यंत छोट्या गाडीनं, तिथून मोठ्या गाडीनं. अंगात पांढरा सदरा, शेजारी अनुसया पांढऱ्या लुगड्यात. मैदानात लाखो माणसं, नजर पोचेल तिथवर पांढरीशुभ्र. अनुसयाच्या डोळ्यांना धार लागली होती. पुनारामनं बावीसच्या बावीस प्रतिज्ञा मनापासून म्हटल्या, त्यात लबाडी नाही. पण म्हणता म्हणता त्याची नजर बाजूच्या लाकडी मचाणावर गेली आणि तिथंच अडकली. मचाणावर फोटोवाले उभे होते. खाली लाखो माणसं, वर पाचसहा जण. उद्या हा दिवस जगाला दाखवणार कोण? हे. फोटोखाली नाव छापून येणार कोणाचं? यांचंच. आणि आपण एवढ्या लांबून आलो, आपलं नाव कोण घेतो? त्या दिवशी पुनारामनं जुने सारे देव सोडले, पोटदुखी तेवढी सुटली नाही.

आता एवढ्यावर स्वस्थ बसला तर तो पुनाराम कसला! नागपुरात सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत त्यानं झाडू मारला, पाणी भरलं, औषधांत बोटं काळी केली, आणि चार-पाच वर्षांनी बालाघाटात बसस्टँडच्या रस्त्यावर स्वतःची पाटी लावली: रामटेके फोटो स्टुडिओ. तीन पायांचा स्टँड कॅमेरा, काळं फडकं, मागं कारंजं रंगवलेला पडदा. हात मात्र खरोखर चांगला होता, त्यातही टचिंगचा. निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल फिरवून तो बसलेले गाल भरून द्यायचा, देवीचे वण बुजवायचा, डोळ्यांखालचं काळं पुसून टाकायचा. लांजीपासून लोक लग्नाच्या मुली घेऊन यायचे. "पुनारामचा फोटो पाहून पोरगी पसंत करू नये, घरी जाऊन पाहावी," असं गावात गमतीनं म्हणत. घरी अनुसया प्रिंट धुवायची, दोरीवर वाळत घालायची, कडा कातरायची. तिचं काम तेवढंच, असं तो समजून होता.

सदुसष्ट साली धान पोटरीतच वाळलं, आणि त्याच उन्हाळ्यात विलायतेतली एक धर्मादाय संस्था जिल्ह्यात आली. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. लोक तिला दूधवाली संस्था म्हणायचे, कारण ती गावोगाव दुधाची भुकटी वाटायची. विहिरीही खोदायची, पण भुकटीचंच नाव झालं. नागपूरच्या कचेरीतून एक उंच, पिकल्या केसांची गोरी बाई जीपनं यायची. तिला सगळे मेमबाई म्हणत. ती एक दिवस स्टुडिओच्या पायऱ्या चढून आली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारा काम का फोटो चाहिए. उधर लोग देखेगा, तब मदद भेजेगा."

पुनारामनं दुसरं काही विचारायच्या आधी विचारलं, "नीचे नाम आयेगा क्या?"

मेमबाई हसली. "अच्छा फोटो आयेगा, तो एक दिन नाम भी आयेगा."

झालं! त्या दिवसापासून माणसाच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. विलायतेत छापलेला कागद, त्यावर आपला फोटो, आणि खाली पुनाराम रामटेके. ते मचाणावरचे पाचसहा जण मग गेले उडत.

पहिलं गाव खैरलांजीकडचं सावरटोला. फोटोवाला येणार म्हटल्यावर गावानं सणासारखी तयारी केली. फोटो काय रोज रोज निघतो? पोरांना तेल झालं, काजळ झालं. बायकांत धड लुगडं होतं फक्त जिजाबाईकडे, भावानं घेतलेलं, रुंद काठाचं. ते एकच लुगडं कुडाच्या आडून फिरलं. एक बाई फोटो काढून आत जाई, सोडून दुसरीला देई, दुसरी ते नेसून ऐटीत बाहेर येई. पुनाराम काळ्या फडक्याखाली घामानं निथळत होता, लुगड्याकडे कोण पाहतो! स्टुडिओत परतल्यावर हातानं सवयीनं पेन्सिल उचलली आणि सतरा पोरांचे बसलेले गाल भरून दिले. मागं स्टुडिओचा शिक्का मारून फोटो नागपूरला रवाना.

पंधरा दिवसांनी मेमबाई दारात. तिनं फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "पुनारामजी, विलायत का ऑफिस पूछता है, संस्था ने सब औरत को एक जैसा साडी क्यों बाँटा? और ये बच्चा लोग तो हमारे देश के बच्चा लोग से भी मोटा है. इसको दूध काहे को देना?"

आतल्या दारात उभी असलेली अनुसया तोंडाला पदर लावून खुदकन हसली. मेमबाईचे शब्द पुनारामनं सोसले असते, पण बायकोचं ते हसू त्याच्या वर्मी बसलं.

मेमबाईनं जाताना एक चौकोनी कॅमेरा त्याच्या हवाली केला. समोर दोन भिंगं, एकाखाली एक. वरच्या डोळ्यानं आपण पाहायचं, खालच्या डोळ्यानं फोटो निघायचा. छातीशी धरायचा, मान खाली घालायची, वरच्या काचेत चित्र दिसतं. एका रोलचे बारा फोटो. "लोग काम करता है, तब निकालो," ती म्हणाली. "लाइन में खडा मत करो." पुनाराम तिच्यासमोर जी-जी करत राहिला आणि जीप वळताच म्हणाला, "हा कॅमेरा होय का पानाचा डब्बा?"

डब्बा घेऊन तो सावरटोल्याला गेला. पण परका माणूस छातीवर काहीतरी धरून जवळ येतो म्हटल्यावर बायका डोक्यावरचा पदर ओढून भिंतीकडे वळत. तेव्हा पुढच्या खेपेला त्यानं अनुसयाला सोबत घेतलं, बायकांना चार शब्द समजावून सांगायला. तो विहिरीपाशी आपला स्टँड कॅमेरा मांडत बसला आणि डब्बा तिच्या हातात दिला. "नुसता धर. खटक्याले हात लावू नको."

अनुसया जाऊन बायकांत बसली. डब्बा मांडीवर. काचेवर उजेड पडू नये म्हणून तिनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घालून आत पाहिलं. मान खाली घालून बसलेल्या बाईकडे कोण लक्ष देतं? बायका आपल्या बोलत होत्या, उवा काढत होत्या, लेकरं पाजत होत्या. दुपारी जीपमध्ये बसताना अनुसया हळूच म्हणाली, "म्या खटका दाबला बरं का. बारा वेळा."

"रोल वाया घालवला!" पुनाराम खेकसला. "खेळणं वाटलं का तुले?"

संध्याकाळी त्यानं रोल धुतला, प्रिंट काढले आणि तसराळ्यातलं एक चित्र उचलून लाल दिव्याजवळ धरलं. दूध वाटायच्या झोपडीमागं जिजाबाई होती. कडेवर लेकरू. तळहातावर कोरडी भुकटी घेऊन ती चाटत होती, डोळे मिटून, ओठ पांढरे. आणि लेकरू तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतं, आपली पाळी कधी येते म्हणून. भुकेली आई लेकराच्या आधी खाते, हे कोणी बाई पुरुषासमोर करणार नाही. दुसऱ्या बाईसमोरही सहसा नाही. अनुसयासमोर केलं होतं.

पुनाराम कलेतला माणूस होता. पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं, "वा!" आणि त्या वा-च्या पाठोपाठ पोटात असा पीळ पडला की त्यानं टेबल धरलं. हा मी का नाही काढला? शेजाऱ्याची गाय असती तर दोन दिवस तापला असता आणि उतरला असता. ही तर घरातली! फोटो पक्का करणारं हायपो कशाला म्हणतात ते जिला त्यानं शिकवलं, ती! दहा वर्षं तो काळ्या फडक्याखाली घाम गाळत होता आणि हिनं मांडीवर डब्बा ठेवून एका दुपारी त्याला मागं टाकलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी गेल्यावर अनुसयानं पाट मांडता मांडता विचारलं, "कसे आले?"

"उजेड गेला रोलमंदी. काळा झाला."

"सारा?"

"हौ, सारा."

"बाप्पा! थो जिजाबाईचा बी?"

"सारा म्हणलं ना! एकदा सांगतलं तं समजत नाही का?"

अनुसया खाली बसली आणि आपल्या हातांकडे पाहू लागली. पुनारामला तिची कीव आली, हे खरं. पण त्या रात्री त्याला ताप आला नाही, हेही तितकंच खरं.

त्यानं ते फोटो मागं शिक्का मारून पाठवले. मेमबाईची चिठ्ठी आली: बहुत सुंदर, ऐसा ही भेजो. आता आली का पंचाईत! ऐसा ही आणायचं कुठून? पुनाराम एकटा गेला, पुन्हा पाठी आणि पदरांचेच फोटो घेऊन आला. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणे डब्ब्यालाच दोष आहे. शेवटी अनुसयाला बोलावणं आलं. "मी सांगीन तिथं बस, मी म्हणीन तव्हा दाब," असं बजावून तो तिला न्यायला लागला. ती ऐकल्यासारखं करायची आणि मनाला येईल तिथं बसायची. पुनाराम मनाची समजूत घालायचा: शिकारीत हाकारे घालणारे वेगळे, मचाण बांधणारे वेगळे, पण वाघ मारला म्हणून नाव कोणाचं होतं? साहेबाचं! तसंच हे.

अशी दोन वर्षं गेली. संस्थेच्या कामाला त्यानं डार्करूमची कडी आतून लावायला सुरुवात केली. तिनं विचारलं, "काहून लावता?" तर म्हणे औषध जहाल आहे. ती म्हणायची, "एखादा पाहू द्या ना, चूक समजन तरी." तो म्हणायचा, "नागपूरले गेले. दोन-चार बरे होते. शिकशीन हळूहळू."

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात मेमबाई आली ती हातात एक जाड, चकचकीत पुस्तिका घेऊन. संस्थेच्या कामाची, विलायतेत छापलेली. वरच्याच पानावर जिजाबाई, भुकटी चाटताना. मेमबाई खुर्ची ओढून बसली. संस्था आता आया आणि लेकरांचं काम तीन जिल्ह्यांत सुरू करणार होती. त्यासाठी कायमचा एक फोटोवाला हवा होता, जीपनं सगळीकडे फिरणारा. "और अब से फोटो के नीचे नाम छपेगा," ती म्हणाली. "तो बताओ पुनारामजी, ये फोटो आपने ही निकाला ना?"

त्यानं तोंड उघडलं तोच अनुसया चहा घेऊन आली. ताट ठेवताना तिची नजर पुस्तिकेवर गेली.

"अवो पुष्पाचे बाबा," ती म्हणाली, "हा तं माया फोटो. जिजाबाईचा. तुमी तं म्हणलं होतं, सारा रोल काळा झाला!"

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, नुसतं नवल होतं. हरवलेलं लेकरू जत्रेत सापडावं तसा तिचा चेहरा झाला होता. पुनाराम मोठ्यानं हसला, नको तितक्या मोठ्यानं. "खटका इसने दबाया होगा, मेमसाब. बिठाया मैंने, रोल मैंने डाला, धोया मैंने. खटका तो कोई भी दबाता है."

मेमबाईनं दोघांकडे पाहिलं. म्हातारी बहिरी नव्हती आणि आंधळी तर मुळीच नव्हती. "ठीक है," ती म्हणाली. "कल सावरटोला चलते हैं. मेरे पास दूसरा कॅमेरा भी है, ऐसा ही. एक-एक रोल दोनों निकालो. शाम को मेरे सामने धोना. जिसका अच्छा, उसका नाम."

नवराबायकोची कुस्ती लावली बाईनं! दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ड्रायव्हर घनश्यामच्या शेजारी पुनाराम, मागं मेमबाई आणि अनुसया. अनुसया सारखी लेन्सवर फुंकर मारून पदरानं पुसत होती. तिला जिंकायचं होतं असं नाही. आपल्या हातून खरंच काही होतं की नाही, एवढं तिला एकदा पाहायचं होतं. पुनारामला ते कळत होतं, आणि त्यामुळंच तो जास्त जळत होता. ही हरली तरी हिचं काय जाणार? आपण हरलो तर सारं बालाघाट म्हणणार, फोटोवाला कोण, तर फोटोवाल्याची बायको.

सावरटोल्यात वारा सुटला होता, धूळ उडत होती. अनुसया बायकांत बसली. एका पोरीची वेणी सुटली होती ती घालून द्यायला तिनं डब्बा बाजूला ठेवला. पुनाराम जवळ गेला. "आण, रोल पहिल्या नंबरावर आणून देतो." नेहमी तोच करून द्यायचा. तिनं मान वर न करता हूं म्हटलं. त्यानं डब्बा उचलला, तिच्याकडे पाठ केली, किल्ली फिरवली, आणि मग त्याचा हात खिशात गेला. खालच्या डोळ्याचं झाकण खिशातच होतं. ते त्यानं लावलं. वरचा डोळा उघडा, खालचा बंद. वरच्या काचेत सगळं गाव दिसणार होतं आणि रोलवर काहीच उतरणार नव्हतं.

त्यानं ठरवून केलं का? नंतर वर्षानुवर्षं तो स्वतःला सांगायचा, की हात चालला, मी नाही. पण हात कोणाचा होता?

अनुसयानं बारा वेळा खटका दाबला. मन लावून, कधी हसत, कधी श्वास रोखून. समोरच्या बायकांना डब्ब्याचं काय कळणार? त्यांच्या लेखी डब्ब्याला दोन डोळे काय आणि दीड काय. बारावा झाला तसा पुनाराम लगेच पुढं झाला, "दे, रोल काढतो," आणि झाकण परत खिशात गेलं.

संध्याकाळी डार्करूममध्ये तिघं उभी राहिली. पुनारामचा रोल निघाला: पदर, पाठी, एक शेळी, विहिरीवर दोर ओढणारे दोन गडी. बरा होता. अनुसयाचा रोल निघाला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा. मेमबाईनं तो दोनदा उजेडात धरला आणि उसासा टाकला. "ढक्कन," ती म्हणाली. "ढक्कन निकालना भूल गयी. होता है. मैं भी भूली हूँ."

"म्या काढलंतं," अनुसया म्हणाली.

मेमबाई कोरा रोल गुंडाळू लागली.

"म्या काढलंतं. पदरानं पुसलंतं बी." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "नाही का हो?"

"घाईत भुलली असशीन," पुनाराम म्हणाला.

काम त्याला मिळालं. गावात तो ताठ मानेनं फिरला, जीपमध्ये पुढं बसून लांजीपर्यंत गेला, बैहरपर्यंत गेला. अनुसयानं पुन्हा डब्ब्याला हात लावला नाही. घरी प्रिंट धुवायचं कामही तिनं दोनदा ताडून पाहायला सुरुवात केली. चुलीवरचं झाकण काढलं तरी पुन्हा वळून बघायची, खरंच काढलं ना. एवढी वर्षं हुशार असलेली बाई, स्वतःवरचा तिचा भरवसाच उडाला. पुनाराम ते रोज पाहत होता आणि रोज ठरवत होता की उद्या सांगू.

आणि फोटो? फोटोंत पाठी होत्या. पाठीच पाठी! नव्या पुस्तिकेत त्याचा एकही लागला नाही, मग नाव कुठून लागणार? मेमबाईनं रोल न धुता तसेच नागपूरला मागवायला सुरुवात केली आणि एकदा सरळ विचारलं, "पुनारामजी, वो पहले वाला आँख किधर गया?" तो डोळा घरी शिवणाचं निमित्त करून बसलेला आहे, हे तो कसं सांगणार? सत्तरच्या उन्हाळ्यात निर्वाणीची चिठ्ठी आली: हा शेवटचा रोल, यात काही आलं नाही तर दुसरा माणूस पाहू.

तेव्हा तो अनुसयाच्या मिनतवाऱ्या करू लागला. "चाल ना. एकच बार. जिजाबाईची भेट होईन."

"माया हात वाईट आहे," ती म्हणाली. पण जिजाबाईच्या नावानं तयार झाली.

सावरटोल्याला जिजाबाईनं तिला पाहून गळ्यात मिठीच मारली. पोर आता पायांवर धावत होतं. बायका गोळा झाल्या, पाणी आलं, हसणं-खिदळणं झालं. अनुसयानं भीत भीत डब्बा गळ्यात घातला, खालच्या डोळ्यावर बोट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं. पुनाराम चार हातांवर उभा होता.

जिजाबाई हसली. "किती पाहाशीन वं? तुया नवरा हाये ना झाकायले-उघडायले. लई नशिबाची बाई तू!"

"काहून?" अनुसयानं विचारलं.

"काहून म्हणजे? मांगच्या बारी मेमबाई आल्ती, धूळ उडून राह्यलती. तू थ्या पोरीची वेणी घालून राह्यलती. तं यायनं माह्याकडं तोंड करून तुया डब्ब्याच्या डोळ्याले खिशातलं झाकण लावलं. धूळ जाऊ नये म्हणून! म्या पाह्यलं ना. मंग म्या आमच्या यायले म्हणलं, पाहा, माणूस असा असावा. आमचा तं पाण्याच्या मडक्याले बी कव्हा झाकण नाही लावत!"

बायका खो खो हसल्या. पुनारामनं नजर विहिरीकडे वळवली.

अनुसया हसली नाही. "कोन्त्या डोळ्याले, जिजाबाई? वरच्या का खालच्या?"

"खालच्या. हौ, खालच्याच."

अनुसयानं नवऱ्याकडे पाहिलं. खूप वेळ नाही, पुरेसा वेळ. मग गळ्यातून पट्टा काढला, चार पावलं चालत त्याच्याजवळ आली आणि डब्बा त्याच्या हातात ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "झाकण काढलं आहे."

ती परत जाऊन बायकांत बसली, त्याच्याकडे पाठ करून. काय झालं ते कोणाला समजलं नव्हतं, पण फोटोवाला माणूस एकटा डब्बा घेऊन उभा आहे म्हटल्यावर एकेकीनं पदर ओढला आणि तोंड वळवलं. शेवटचा रोल. पुनारामनं मान खाली घातली आणि दाबत सुटला. पाठी, पदर, पाठी. अकरा झाले. बाराव्याला काचेत एक चेहरा वळला. अनुसयाचा. सोळा वर्षांच्या संसारात त्यानं साऱ्या जिल्ह्याच्या बायकांचे फोटो काढले होते, हिचा एकही नाही. ती भांडायला वळली नव्हती, रडायलाही नाही. गाल बसलेले, डोळे कोरडे, मागून मागून थकलेल्या माणसासारखे. ती फक्त पाहत होती, आणि त्याचं बोट दाबलं गेलं. घनश्याम ड्रायव्हर रोल तसाच नागपूरला घेऊन गेला.

परतीच्या वाटेवर ती भांडेल म्हणून तो वाट पाहत राहिला. घरी भांडेल, सकाळी भांडेल. ती भांडली नाही. स्वयंपाक केला, वाढलं, विचारलं, "आणखी घेता का?" त्या चार महिन्यांत पुनारामला कोणाचा हेवा वाटला असेल तर तो त्या नवऱ्यांचा, ज्यांच्या बायका शेजारपाजाऱ्यांच्या देखत त्यांना शिव्या घालत.

पावसाळा सरता सरता नागपूरहून पाकीट आलं. नवी पुस्तिका. त्या रोलमधला एक फोटो घेतला होता, अख्खं पान. शेजारच्या शाळेतल्या मास्तरांनी खालचं इंग्रजी वाचून सांगितलं: मदतीची वाट पाहणारी एक खेडूत बाई. छायाचित्र, पुनाराम रामटेके. बसस्टँडच्या रस्त्यावर बातमी पसरली. हॉटेलवाला जिलेबी घेऊन आला, लोक म्हणाले, फोटोवाल्यानं बालाघाटचं नाव विलायतेत नेलं! फोटोतली बाई कोण, हे कोणी विचारलं नाही. अनुसयाला त्यांनी कधी उघड्या तोंडानं पाहिलंच कुठं होतं? पुनाराम हात जोडून हौ-हौ म्हणत होता आणि जिलेबी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

सगळे गेल्यावर अनुसया बाहेर आली. पदराला हात पुसून तिनं पुस्तिका उचलली, दाराच्या उजेडात धरली. आपला चेहरा पाहिला. मग बोटानं खालचं नाव चाचपलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ते काय आहे ते कळत होतं.

पुनाराम कसाबसा म्हणाला, "अनुसये, मले सांगायचं होतं..."

"काय सांगता आता," ती म्हणाली आणि पुस्तिका त्याच्या मांडीवर ठेवली. "पयलेचे सारे माये होते. हा मातर तुमचाच आहे."